वासरांचा न्यूमोनिया आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाई-म्हशींच्या वासरांना आणि रेडकांना पहिल्या सहा महिन्यांत होणाऱ्या न्यूमोनियावर, म्हणजेच फुफ्फुसदाहावर, दिलेली प्रतिजैविके पूर्वीसारखी लागू पडत नाहीत, अशी तक्रार पशुपालक आणि पशुवैद्यक दोघेही करतात. त्या तक्रारीच्या अनुषंगाने नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या वासरू पाहूनच ठरवायच्या असतात.

वासरांना न्यूमोनिया नेमका कोणत्या जिवाणूंमुळे होतो?

प्रामुख्याने चार जिवाणूंमुळे: मॅनहेमिया हिमोलिटिका, पाश्चुरेला मल्टोसिडा, हिस्टोफिलस सोम्नी आणि मायकोप्लाझ्मा बोव्हिस. यांपैकी बहुतेक जिवाणू निरोगी वासराच्या नाकात आणि घशातही सापडतात आणि तेथे असताना ते काही बिघडवत नाहीत. विषाणूचा संसर्ग, लांबचा प्रवास, थंडीचा कडाका, कोंदट गोठा किंवा अचानक तोडलेले दूध यांमुळे श्वसनमार्गाचे संरक्षण ढासळले की ते खाली फुफ्फुसात उतरतात. मॅनहेमिया तर असे विष तयार करतो की जंतूंशी लढण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशीच त्याने फुटतात आणि फुटताना फुफ्फुसाची आणखी हानी करतात. म्हणूनच या आजारात एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. त्यातच गाय-वर्गातील जनावरांचे फुफ्फुस शरीराच्या मानाने लहान असते आणि ते अनेक कप्प्यांत विभागलेले असते. एक कप्पा भरला तर शेजारच्या कप्प्यातून त्याला हवा मिळण्याची फारशी सोय नसते.

प्रतिरोध म्हणजे वासराच्या शरीराला औषधाची सवय होणे का?

नाही. प्रतिरोध वासरात निर्माण होत नसून जिवाणूत निर्माण होतो. जे औषध ठरावीक प्रमाणात असताना जिवाणूची वाढ थांबायला हवी, त्याच प्रमाणात तो वाढत राहिला तर त्याला प्रतिरोधक म्हणतात. हे प्रमाण प्रयोगशाळेत मोजता येते. उदाहरणार्थ, गुरांच्या श्वसनरोगातील मॅनहेमियाची वाढ एन्रोफ्लॉक्सॅसिनच्या ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी प्रमाणात थांबली तर तो संवेदनक्षम आणि २ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक लागले तर तो प्रतिरोधक, अशी आंतरराष्ट्रीय मानकांची मर्यादा आहे. ‘पूर्वी याच वासराला हे औषध दिले होते, म्हणून आता लागू पडत नाही’ असे म्हणताना प्रत्यक्षात त्या गोठ्यातील जिवाणूंची निवड झालेली असते: औषधाने दुबळे जिवाणू मेले, तग धरणारे उरले आणि तेच शेजारच्या वासराच्या नाकात गेले.

तीन दिवस इंजेक्शन देऊनही वासरू सुधारले नाही. म्हणजे जिवाणू प्रतिरोधकच आहेत ना?

असा निष्कर्ष लगेच काढू नये. आमच्या मते औषध ‘लागू न पडण्याची’ बहुतांश प्रकरणे प्रतिरोधापेक्षा साध्या कारणांनी घडतात आणि ती कारणे तपासल्याविना औषध बदलणे हा या विषयातील सर्वांत मोठा अपव्यय आहे.

पहिले कारण उशीर. वासरू दूध सोडते, मान ताणून तोंडाने श्वास घेऊ लागते, तेव्हा आपले लक्ष जाते. पण त्याआधी दोन-तीन दिवस ताप, हलका खोकला आणि नाकातून पाण्यासारखा स्राव ही लक्षणे होऊन गेलेली असतात. फुफ्फुसाचा मोठा भाग एकदा घट्ट झाला किंवा त्यात पू साठला, की रक्तातून येणारे औषध तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही आणि जिवाणू पूर्ण संवेदनक्षम असूनही वासरू सुधारत नाही. दुसरे कारण म्हणजे आजार निव्वळ विषाणूजन्य असणे. विषाणूवर प्रतिजैविकाचा परिणाम होतच नाही. तिसरे कारण कमी मात्रा. वासराचे वजन डोळ्यांनी जोखण्याची आपली पद्धत आहे. साठ किलोच्या कालवडीला चाळीस किलोची समजून औषध दिले तर मात्रा एक तृतीयांशाने कमी पडते. छातीचा घेर मोजून वजन सांगणारी फीत स्वस्त मिळते आणि तिचा उपयोग करायला हवा.

चौथे कारण आपल्याकडे विशेष आढळते. पोट फुगले, संडास झाली नाही किंवा नुसता अशक्तपणा दिसला, की वासराची मान वर करून बांबूच्या नळीने किंवा बाटलीने तेल, काढा किंवा गुळाचे पाणी ओतले जाते. त्यातील थोडे जरी श्वासनलिकेत गेले तरी होणारा न्यूमोनिया अत्यंत वाईट असतो आणि तेलामुळे झालेल्या दाहावर कोणतेही प्रतिजैविक पुरेसे ठरत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती आवर्जून सांगावी.

पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन दिले तरी काही वासरांत मुळीच फरक पडत नाही. असे का?

तेथे मायकोप्लाझ्मा बोव्हिस असण्याची शक्यता विचारात घ्यावी. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधे जिवाणूची पेशीभित्तिका उभी राहू देत नाहीत, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसतेच. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम जी फॉलिक आम्लाची निर्मिती रोखतात तीही हा जिवाणू करत नाही. म्हणजे हा प्रतिरोध मिळवलेला नसून जन्मजात आहे. टेट्रासायक्लिन, मॅक्रोलाइड आणि फ्लुरोक्विनोलोन गटांतील औषधांचा त्याच्यावर परिणाम होऊ शकतो. परंतु त्यांच्या विरुद्धही जनुकांतील बदलांमुळे प्रतिरोध वाढल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे. खोकल्यासोबत वासराचा एक कान लोंबकळत असेल, मान एका बाजूला कलत असेल किंवा सांधे सुजले असतील, तर मायकोप्लाझ्माचा संशय बळावतो.

एक औषध चालले नाही तर दुसरे, मग तिसरे, असे आलटून पालटून दिल्याने प्रतिरोध टळत नाही का?

हा समज फार पसरलेला आहे आणि वासरांच्या न्यूमोनियाच्या बाबतीत तो विशेषच फसवा ठरतो. कारण या जिवाणूंमधील प्रतिरोधाची जनुके बहुधा सुटीसुटी नसतात.

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात मांसासाठी गुरे पोसण्याचे मोठे तळ आहेत. अशाच एका तळावरील आजारी जनावरातून २००५ साली पाश्चुरेला मल्टोसिडाचा एक वाण वेगळा करण्यात आला. त्याची संपूर्ण जनुकीय रचना वाचल्यावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की त्याच्या गुणसूत्रात सुमारे ८२ हजार अक्षरांचा एक फिरता तुकडा बसलेला आहे आणि त्या एकाच तुकड्यावर प्रतिरोधाची बारा जनुके आहेत. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, निओमायसिन, टेट्रासायक्लिन, फ्लॉरफेनिकॉल, सल्फा, टिल्मिकोसिन आणि टुलाथ्रोमायसिन, म्हणजे गोठ्यात वापरली जाणारी बरीचशी औषधे त्या यादीत आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा तुकडा एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जाऊ शकतो. प्रयोगशाळेत तो दुसऱ्या पाश्चुरेलात गेला, मॅनहेमियात गेला आणि आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायमध्येही गेला.

याचा व्यवहारातील अर्थ समजून घेतला पाहिजे. एकाच दाव्याला बांधलेल्या जनावरांपैकी एकाला ओढले की बाकीचीही मागोमाग येतात, तसे या जनुकांचे असते. आपण फक्त ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरले तरी ज्या जिवाणूकडे हा तुकडा आहे तोच टिकतो, आणि आपण कधीही न वापरलेल्या टुलाथ्रोमायसिनलाही तो दाद देत नाही. औषधे बदलत राहिल्याने अशा जिवाणूवरील निवडीचा दाब कमी होत नाही. प्रत्येक नवे औषध त्यालाच पुढे ढकलते. दाब कमी करण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे एकूण किती वासरांना आणि किती वेळा प्रतिजैविक द्यावे लागते ती संख्या खाली आणणे. पुढील बरीच उत्तरे याच मुद्द्याला धरून आहेत.

फ्लुरोक्विनोलोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे प्रतिरोध मुख्यतः जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांत टप्प्याटप्प्याने होणाऱ्या बदलांतून येतो. म्हणून या गटातील औषध कमी मात्रेत आणि रेंगाळत देणे फार धोक्याचे आहे, कारण पहिला बदल झालेले जिवाणू त्यातून वाचतात आणि दुसऱ्या बदलाला वाव मिळतो.

हे सारे अमेरिकेतले. दोन-चार गाईंच्या आपल्या गोठ्याशी त्याचा काय संबंध?

परिस्थिती सारखी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेत वेगवेगळ्या कळपांतील, नुकतीच आईपासून तोडलेली वासरे बाजारातून एकत्र करून शेकडो किलोमीटर नेतात आणि पोहोचताच आजारी-निरोगी न पाहता सर्वांना दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक टोचण्याची पद्धत आहे. मिसिसिपी राज्यात अशा वासरांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वासरे आली तेव्हा अनेक औषधांना प्रतिरोधक असलेला मॅनहेमिया क्वचितच आढळत होता, पण सामूहिक उपचारानंतर काही आठवड्यांतच त्याचेच प्राबल्य झाले. कॅन्सस राज्यातील निदान प्रयोगशाळेत आलेल्या मॅनहेमियाच्या नमुन्यांत पाच किंवा अधिक औषधांना प्रतिरोधक असलेल्यांचे प्रमाण २००९ साली ५ टक्के होते आणि २०११ साली ३५ टक्के झाले. या आकड्यांकडे पाहताना एक सावधगिरी बाळगावी: प्रयोगशाळेत नमुने बहुधा औषध फसल्यावरच येतात, त्यामुळे सर्वसाधारण कळपांतील चित्र याहून सौम्य असू शकते.

आपल्याकडे सामूहिक टोचणी नाही, पण दुसऱ्या वाटेने तोच परिणाम साधला जातो. औषध दुकानातून चिठ्ठीविना मिळते, एक-दोन दिवस दिले जाते, वासरू उभे राहिले की बंद होते आणि पुन्हा आजारी पडले की दुसरे सुरू होते. शिवाय दूधधंद्यासाठी परराज्यांतून विकत आणलेल्या गाई-म्हशी आणि त्यांची वासरे थेट जुन्या वासरांशेजारी बांधली जातात. नव्या जनावरांना दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणे हा उपाय बिनखर्ची आहे, तरी तो क्वचितच केला जातो.

सुरुवातीलाच सर्वांत भारी इंजेक्शन दिले तर वासरू लवकर बरे होणार नाही का?

महाग औषध हे अधिक प्रभावी औषध असते असे नाही. संवेदनक्षम पाश्चुरेला किंवा मॅनहेमियावर जुनी, स्वस्त औषधे वेळेवर आणि पूर्ण मात्रेत दिल्यास आजही चांगले काम करतात. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन आणि क्विनोलोन यांना जागतिक आरोग्य संघटनेने मानवी उपचारासाठी सर्वोच्च प्राधान्याच्या औषधांत ठेवले आहे. गंभीर संसर्ग झालेल्या माणसांसाठी ती हाताशी राहावीत हा त्यामागील हेतू आहे. सेफट्रायअ‍ॅक्सोन, जे आपल्याकडे जनावरांतही सर्रास टोचले जाते, ते २०१३ साली तयार केलेल्या एच-१ या औषध परिशिष्टात आहे. त्याची विक्री चिठ्ठीवरच करायची असून विक्रेत्याने त्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवायची असते. कोलिस्टिन या औषधावर तर अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत भारत सरकारने २०१९ सालीच बंदी घातली आहे.

प्रयोगशाळेत नमुना कधी आणि कसा पाठवावा?

प्रत्येक खोकणाऱ्या वासरासाठी तपासणी शक्य नाही आणि आवश्यकही नाही. एकाच गोठ्यात तीन-चार वासरे पाठोपाठ आजारी पडली, किंवा योग्य मात्रा देऊनही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर नमुना घ्यावा. शक्य असेल तर तो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच्या वासरातून घ्यावा, कारण औषध दिल्यावर जिवाणू वाढवणे कठीण जाते आणि वाढले तरी उरलेले प्रतिरोधकच दिसतात. नाकपुडीच्या तोंडाशी कापूस फिरवून घेतलेला नमुना दिशाभूल करतो. तेथे शेणामातीतील जंतूही असतात. पशुवैद्यक लांब, आवरण असलेल्या काडीने घशाच्या वरच्या भागातून किंवा श्वासनलिकेतून नमुना घेतात. तो वाहक माध्यमात, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी रवाना व्हावा. महाराष्ट्रात औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभाग तसेच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, शिरवळ आदी ठिकाणच्या महाविद्यालयांकडे याबाबत विचारणा करता येते. साध्या जिवाणूंचा अहवाल दोन-तीन दिवसांत मिळू शकतो. मायकोप्लाझ्मासाठी वेगळे माध्यम आणि अधिक दिवस लागतात, म्हणून त्याचा संशय असल्यास नमुन्यासोबत तसे स्पष्ट लिहून द्यावे. अन्यथा ‘जिवाणू आढळले नाहीत’ असा अहवाल येतो आणि सगळेच गोंधळतात.

अहवालात ‘संवेदनक्षम’ असलेले औषध देऊनही वासरू दगावले. मग अहवालाला काय अर्थ?

अहवाल काचेच्या बशीतील जिवाणूबद्दल बोलतो. पू भरलेल्या फुफ्फुसाबद्दल तो काही सांगू शकत नाही. त्यामुळे ‘संवेदनक्षम’ या शेऱ्याने यशाची हमी मिळत नाही. ‘प्रतिरोधक’ हा शेरा मात्र अधिक भरवशाचा असतो आणि ते औषध टाळावे हेच योग्य. अहवालाचा खरा उपयोग बहुधा त्या वासरापेक्षा गोठ्यातील पुढच्या वासराला होतो.

प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड दिल्यास वासरू लगेच तरतरीत होते. ते द्यावे का?

डेक्सामेथासोनने ताप उतरतो, वासरू दूध पिऊ लागते आणि पशुपालक समाधानी होतो. परंतु हेच औषध शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद दाबते. गुरांच्या नागीण-वर्गातील श्वसनविषाणू मज्जातंतूंत सुप्त राहतो आणि संशोधक त्याला प्रयोगात जागे करण्यासाठी डेक्सामेथासोनच वापरतात, एवढे सांगितले तरी पुरे. दाह आणि ताप कमी करण्यासाठी मेलोक्सिकॅमसारखे बिगरस्टेरॉइड औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने देणे अधिक सयुक्तिक आहे. गिधाडांच्या मृत्यूस कारण ठरल्यामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये आणि किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली आहे. ती वापरू नयेत.

आम्ही दर वर्षी घटसर्पाची लस देतो. तीही पाश्चुरेलाचीच ना? मग न्यूमोनिया का होतो?

घटसर्प हा पाश्चुरेला मल्टोसिडाच्या बी:२ या प्रकारामुळे होतो आणि पावसाळ्यापूर्वीची लस त्याच्याविरुद्ध असते. वासरांच्या न्यूमोनियात मात्र प्रामुख्याने ए गटाचा पाश्चुरेला सापडतो. मॅनहेमिया आणि मायकोप्लाझ्मा तर वेगळेच जिवाणू आहेत. घटसर्पाची लस अवश्य द्यावी, कारण तो रोग काही तासांत जनावर मारतो; पण तिच्याकडून न्यूमोनियापासून बचावाची अपेक्षा ठेवू नये. अमेरिका-युरोपात मॅनहेमिया आणि श्वसनविषाणूंविरुद्ध लसी वापरल्या जातात. आपल्या नेहमीच्या सरकारी लसीकरणात वासरांच्या न्यूमोनियाची स्वतंत्र लस नाही.

मग प्रतिजैविकांची गरजच कमी पडावी यासाठी गोठ्यात काय करता येईल?

सर्वांत आधी चीक. गाईच्या गर्भाशयातून वासराला प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात आणि वासराच्या आतड्यातून ती शोषली जाण्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत सुमारे चोवीस तासांत संपते. म्हणून वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तीस किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर चीक पहिल्या काही तासांत पाजावा आणि त्याची सुरुवात पहिल्या दोन तासांतच व्हावी. ‘वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही अनेक गावांतली रीत नेमक्या याच मोलाच्या वेळेवर घाला घालते. वार पडायला बारा तासही लागू शकतात. उलट वासरू पिऊ लागले की गाईच्या शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकाने गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. खरवसासाठी चीक विकायचा असेल तर वासराचा वाटा आधी काढावा. चिकाचा दर्जा मोजण्यासाठी द्राक्ष बागायतदार गोडी तपासण्यास जो रिफ्रॅक्टोमीटर वापरतात तोच चालतो: ब्रिक्स, म्हणजे त्या उपकरणावरील माप, २२ किंवा त्याहून अधिक आल्यास चीक उत्तम समजावा. नाशिक-सांगलीकडे तो शेजाऱ्याकडेच सापडेल.

त्यानंतर हवा. थंडीत गोठ्याच्या चारही बाजूंना गोणपाट आणि ताडपत्री लावून आपण वासराला ऊब देतो असे वाटते, पण आतला अमोनिया आणि ओलावा त्याच्या श्वसनमार्गाची झीज करतो. गुडघे टेकून वासराच्या नाकाच्या उंचीवर दोन मिनिटे श्वास घेऊन पाहावा. आपले डोळे चुरचुरले तर हवा वाईट आहे. वाऱ्याचा थेट झोत अडवावा, वरून हवा खेळती ठेवावी आणि ऊब कोरड्या पाचटाच्या किंवा भुश्श्याच्या जाड थराने द्यावी. लहान वासरांना मोठ्या जनावरांपासून अंतरावर बांधावे आणि आजारी वासराची बादली वेगळी ठेवावी.

आजार लवकर ओळखण्यासाठी थर्मामीटर हवाच. वासरू सुस्त दिसले की ताप मोजावा. १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आणि सोबत खोकला किंवा नाकातून स्राव असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

उपचार चालू असलेल्या गाईचे दूध वाया जाते, म्हणून ते वासरांना पाजले तर चालेल का?

पाजू नये. कासदाहाच्या उपचारातील दुधात प्रतिजैविकांचे अल्प अंश असतात आणि त्यांमुळे वासराच्या आतड्यात प्रतिरोधक ई. कोलाय वाढतात, हे चांगले सिद्ध झालेले आहे. त्या ई. कोलायकडील जनुके कोठे कोठे जाऊ शकतात हे वर आलेच आहे.

दुसऱ्या कोणत्या देशाला औषधांचा वापर कमी करणे जमले आहे का?

नेदरलँड्सने करून दाखवले आहे. तेथे वासरांच्या मांसाचा मोठा धंदा असून अनेक गोठ्यांतील कोवळी वासरे एकत्र आणली जातात, म्हणजे न्यूमोनियाला पूर्ण अनुकूल परिस्थिती. तरीही प्रत्येक गोठ्याच्या आणि प्रत्येक पशुवैद्यकाच्या वापराची नोंद व तुलना सक्तीची केल्यावर पशुपालनासाठीची प्रतिजैविकांची विक्री २००९ च्या तुलनेत सुमारे ७० टक्क्यांनी घटली. वासरांच्या क्षेत्राला मात्र इतरांपेक्षा अधिक झगडावे लागले, आणि ते स्वाभाविक आहे. युरोपीय संघात २०२२ पासून निरोगी कळपाला सरसकट प्रतिजैविके देण्यावर कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे एवढी यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल. पण गोठ्यातील वहीत तारीख, वासराचा बिल्ला क्रमांक, ताप, औषधाचे नाव आणि मात्रा लिहायला कोणत्याही यंत्रणेची वाट पाहावी लागत नाही.

वासरू मेल्यानंतर तपासणी करून काय उपयोग?

बराच. मृत्यूनंतर काही तासांत शवविच्छेदन झाल्यास फुफ्फुसाच्या निरोगी आणि घट्ट भागांच्या सीमेवरून नमुना घेता येतो, आणि तो नाकातील कोणत्याही नमुन्यापेक्षा अधिक खात्रीचा असतो. तेल फुफ्फुसात गेले होते का, जुने गळू होते का, हेही डोळ्यांना दिसते. उन्हाळ्यात शव लवकर कुजते, म्हणून पुरण्याची घाई न करता आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा, आणि डॉक्टर येईपर्यंत शव सावलीत ठेवून त्याच्या आसपास इतर वासरांना फिरकू देऊ नये.